पाखरांची वरात

मुलं दुपारच्या झोपेतून उठली तेव्हा मनोरा कललेला होता.

"युरीने ढकलला!" हानका ओरडली.

"मी झोपलो होतो!"

"तू झोपेत लाथा मारतोस."

"भांडू नका," मी म्हटलं. "कोणीही हात लावलेला नाही. आधी नीट बघा, मग मला सांगा काय झालं असेल."

मनोरा लाकडी ठोकळ्यांचा होता. सकाळी मुलांच्या देखत मीच तो रचला होता. खाली दोन ओले स्पंज, त्यांवर आडवी फळी, फळीवर ठोकळे. एक स्पंज शेगडीच्या कट्ट्यावर होता, दुसरा तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर. आपल्याकडची हातात उचलून नेता येते तशी ती शेगडी नव्हे. खोलीच्या कोपऱ्यात, पार छताला टेकेल अशी, हिरव्या फरशांनी मढवलेली. तिच्या कट्ट्यावर बसलं की पाठ शेकून निघायची.

हानकाने दोन्ही स्पंज बोटाने दाबून पाहिले. सहा वर्षांची पोर, पण घाई करायची नाही. एक दाबला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"हा सुकला," ती म्हणाली. "सुकून बारीक झाला. तो अजून जाड आहे. म्हणून फळी तिरकी झाली."

"शाबास. आता सांग, पडेल का?"

"अजून सुकला तर पडेल." ती थोडी थांबली. "दत्ताकाका, आपल्या गढीच्या खाली काय आहे?"

शेगडीत कोळशाच्या विटा सरकवत हानकाची आजी, शोल्टाबाई, वाकलेल्या होत्या. त्यांनी शेगडीचं लोखंडी दार एवढ्या जोरात लावलं की झोपेत असलेली शेवटची दोन मुलंही उठून बसली.

"पोरांना कशाला असलं दाखवतोस?" त्या म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

तेव्हा जर्मनी दोन होत्या आणि मी पूर्वेकडच्या जर्मनीत होतो. मुंबईत वास्तुशास्त्र शिकून जुन्या इमारती जपण्याचं शिक्षण घ्यायला तिकडे गेलो होतो. वर्ष संपल्यावर मला रोर्विट्झ नावाच्या खेड्यात पाठवलं. तिथल्या लोकांची घरची भाषा जर्मन नव्हे. ते सोर्ब, त्यांची बोली निराळी, सणवार निराळे. गावाच्या कडेला जुन्या जमीनदारांची गढी होती. आता लिहिताना 'होती' म्हणावं लागतं, कारण तिचा एक दगडही जागेवर उरलेला नाही. म्हणून ती कशी होती ते आधी सांगतो.

दोन लांब घरं एकमेकांना खेटून उभी आहेत असं समजा. दोघांवर उंच, उतरती छपरं, आणि समोरून दोन्ही छपरांचे त्रिकोण दिसतात, कडा लाटांसारख्या वळणावळणाच्या. दोन घरांच्या मधोमध आठ कोनांचा मनोरा, त्याच्या पोटात गोल फिरत जाणारा दगडी जिना. वर जायला तोच एक रस्ता. तळमजल्यावर कमानींच्या, बसक्या छताच्या खोल्या. पूर्वी तिथे धान्य असायचं, आता गावाची बालवाडी होती. वरच्या मजल्यावर मोठा दिवाणखाना. त्याच्या छतावर चुन्यात घडवलेल्या वेली, फळं आणि चार कोपऱ्यांत चार ऋतूंचे चार चेहरे. त्यातल्या हिवाळ्याचं नाक कोणा स्वीडिश सैनिकाने भाल्याने उडवलं होतं म्हणे. चारशे वर्षांत गढीने दोनदा आग पाहिली, घोडे दिवाणखान्यात बांधलेले पाहिले, शेवटच्या महायुद्धानंतर मालक रातोरात पळून गेलेला पाहिला. शोल्टाबाई तेव्हा तिथे मोलकरीण होत्या. मालक गेले, शोल्टाबाई राहिल्या. पुढे सरकारने त्यांनाच गढीची राखणदार केलं.

आणि या सगळ्याच्या खाली होती दलदल. आमच्या गावी, केळूसला, घर बांधायचं म्हटलं की खणून मुरूम लागेपर्यंत खाली जातात आणि चिऱ्याचं जोतं बांधतात. तिथे कितीही खणलं तरी चिखलच. म्हणून त्या लोकांनी ओकच्या झाडांचे सोट चिखलात ठोकून बसवले, एकाला एक लागून, रानच्या रान. त्यांवर ओंडक्यांची चौकट घातली आणि चौकटीवर दगडी भिंती उभ्या केल्या. भोवती पाण्याचा खंदक. लाकूड पाण्याखाली राहिलं तर शेकडो वर्षं कुजत नाही. त्याला हवा लागली की मात्र ते कुजू लागतं, आणि सुकलेला चिखल आकसून खाली बसतो.

खंदक आटत होता. गावाच्या पूर्वेला कोळशाची उघडी खाण होती. कोळसा काढायचा तर आधी जमिनीतलं पाणी उपसावं लागतं. ते पंप रात्रंदिवस चालत. आवाज असा नव्हताच. जेवताना काटा ताटाला लागला की तो जरा जास्त वेळ थरथरायचा, इतकंच. मी पोचलो तेव्हा खंदकात गुडघाभर पाणी होतं. नाताळापर्यंत नुसता काळा गाळ उरला. त्यात एक मोठा मासा अर्धा रुतून तोंड उघडत-मिटत होता. मुलांनी तो बादलीत घालून तळ्यावर नेला, पण तळंही आटलेलं होतं.

आमचे मुख्य इंजिनिअर टीलमान आठवड्यातून दोनदा शहरातून येत. उंच, वाकलेले, सतत खिशात काहीतरी शोधणारे. दहा वर्षं ते या गढीसाठी भांडत होते.

"केळुसकर, तुमच्याकडे इमारती हत्तीवर बसून मोजतात का हो?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. हत्ती भाड्याने परवडत नाही, म्हणून शिडीवरूनच मोजतो."

ते मोठ्याने हसले आणि तेव्हापासून आमचं जमलं. एकदा त्यांनी मला नीट समजावलं, "फेब्रुवारीत सरकारी समिती येणार आहे. गढी धडधाकट असेल तर ती राष्ट्राचा ठेवा, आणि खाण तिला वळसा घालून जाईल. गढी राहिली की गाव राहिलं, कारण वळशाच्या आतच गाव आहे. गढी मोडकळीला आली असं ठरलं, तर दोन्ही गेली. कळलं?"

कळलं होतं. गावातल्या प्रत्येकाला कळलं होतं.

माझं काम पट्ट्यांचं. भिंतीला भेग दिसली की तिच्यावर आडवी, हाताएवढी प्लास्टरची पट्टी लावायची आणि ओली असतानाच खिळ्याने तारीख कोरायची. भेग केसभर वाढली तरी डोळ्यांना दिसत नाही. पट्टी मात्र कडकडीत असते, ती लगेच तडकते. पट्टी शाबूत तर भिंत स्थिर. भेगा बऱ्याच होत्या, मी सगळ्यांवर पट्ट्या लावल्या. मुलं माझ्यामागे शिडी धरायला यायची.

"घराचा हात मोडला का?" युरी विचारायचा. त्याचा स्वतःचा हात मागच्या उन्हाळ्यात मोडून प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे तो स्वतःला या विषयातला जाणकार समजे. "खाज सुटेल त्याला. मला जाम सुटायची."

रोज मी फेरी मारायचो. पट्ट्या शाबूत. टीलमान विचारायचे, "पट्ट्या काय म्हणतात?" मी सांगायचो, "काही म्हणत नाहीत." ते खूश व्हायचे.

पण बाकीचं घर काहीतरी म्हणत होतं. नाताळानंतर दिवाणखान्याचं दार चौकटीत अडकायला लागलं. सुताराने रंधा मारून दिला, पुढच्या आठवड्यात पुन्हा अडकलं. मनोऱ्यात वर्षानुवर्षं घरटी करून राहणारे करडे कावळे एका सकाळी उडाले ते परतलेच नाहीत. एकदा मी दिवाणखान्यात एकटाच माप घेत असताना खिडकीची काच टचकन तडकली. वारा नव्हता, कोणी दगडही मारला नव्हता. ती तडक मी बघत असताना खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात सरकत गेली.

मी धावत सगळ्या पट्ट्या पाहून आलो. एकही तुटलेली नव्हती.

"थंडीने काचा तडकतात," शोल्टाबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडेच राहायचो, गढीच्या फाटकाशेजारच्या छोट्या घरात. त्या पहाटे उठून बालवाडीची शेगडी पेटवायला जायच्या, परतायच्या तेव्हा हात पांढरे असत. "पीठ मळत होते," म्हणायच्या आणि खरंच टेबलावर पाव असायचा. मला मुलासारखं जेवू घालायच्या. फक्त गढीचं बोलणं निघालं की उठून भांडी घासायला लागायच्या.

जानेवारीच्या शेवटी त्यांच्याकडे पाखरांचं लग्न असतं. हिवाळाभर पाखरांना दाणे घातले, म्हणून पाखरं आपल्या लग्नाची मिठाई मुलांना पाठवतात असं मानायचं. मुलं आदल्या संध्याकाळी खिडकीत रिकामी ताटली ठेवतात, सकाळी तिच्यात पाखरांच्या आकाराचे गोड पाव असतात. मग बालवाडीत लग्न लागतं. एक मुलगी मॅगपाय नावाच्या काळ्यापांढऱ्या पाखराची नवरी, एक मुलगा डोमकावळा नवरा, बाकीची वऱ्हाडी पाखरं. त्या वर्षी नवरी हानका होती आणि नवरा युरी. हानका त्याच्याशी आठवडाभर बोलत नव्हती.

बालवाडीच्या शिक्षिका उर्सुला, मुलं त्यांना मावशी म्हणायची. त्यांनी टीलमानना विचारलं, "लग्न वर दिवाणखान्यात करू का? दरवर्षी तिथेच होतं. नाचायला खाली जागा नाही."

टीलमाननी माझ्याकडे पाहिलं. "पट्ट्या?"

"शाबूत," मी म्हटलं.

"मग करा. मीसुद्धा येतो. संत्री मिळाली तर घेऊन येतो."

"खालीच करा," शोल्टाबाई मध्येच म्हणाल्या.

"खाली मावणार कशी, फ्राऊ शोल्टा?"

"वर गारठा असतो. पोरं आजारी पडतील."

"नाचणाऱ्याला कसला गारठा!" उर्सुलामावशी हसल्या.

संध्याकाळी शोल्टाबाईंनी घरी पुन्हा विषय काढला. "तू सांग तिला, दत्ता. तुझं ऐकेल. खालीच करा म्हणावं."

"पण का? काही कारण?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तोंड उघडलं, मिटलं. खंदकातल्या त्या माशाची मला आठवण झाली. "कारण काय असायचंय," त्या म्हणाल्या. "म्हातारीचं मन."

लग्नाच्या दिवशी सकाळी बर्फ साचलेला होता आणि ऊन पडलं होतं. मी गढीत पोचलो तेव्हा वर पेटी वाजत होती आणि मुलं फेर धरून नाचत होती. जिना चढताना माझा हात भिंतीला लागला आणि मला त्या नाचाचा ताल भिंतीतून कळला. एवढी जाड दगडी भिंत, आणि लहान मुलांच्या पायांचा ताल तिच्यातून हाताला लागतो, हे मला आवडलं नाही.

दिवाणखान्याच्या बाहेर एक अरुंद बोळ होता. तिथली भेग सगळ्यांत लांब. दिवाणखान्याच्या जमिनीच्या तुळया याच भिंतीत शिरलेल्या होत्या. मी पट्टी पाहिली. शाबूत. नोव्हेंबरची तारीख, जशीच्या तशी. मी पुढे निघालो आणि तोल सावरायला म्हणून हात टेकला, तो नेमका पट्टीवर.

पट्टी गरम होती.

ज्यांनी प्लास्टर कालवलं नसेल त्यांना सांगतो. पाण्यात कालवलं की ते घट्ट होताना तापतं, एखाद्या ताप आलेल्या कपाळासारखं. तासाभरात निवतं. नोव्हेंबरात लावलेली पट्टी जानेवारीत गरम असूच शकत नाही.

मी वळून पाहिलं. बोळाच्या टोकाला शोल्टाबाई उभ्या होत्या. हातात तसराळं, त्यात कालवलेलं प्लास्टर, आणि दुसऱ्या हातात खिळा.

"तुम्ही?"

त्यांनी तसराळं मागे लपवायचा प्रयत्नही केला नाही. "आज सकाळपासून ही दोनदा तुटली," त्या म्हणाल्या. "आधी अशी कधी तुटली नव्हती."

"आधी? शोल्टाबाई, आधी म्हणजे?"

त्या खिळ्याने तसराळ्याच्या कडेचं प्लास्टर खरवडायला लागल्या.

"मुलं आत नाचतायत."

"मला दिसत नाही का? माझी हानका आहे आत!" आवाज दाबून त्या बोलल्या. "चारशे वर्षं उभी आहे, दत्ता. समिती येऊन जाईपर्यंत, एवढंच. एवढंच मागत होते मी तिच्याकडे. मी म्हटलं होतं ना, खालीच..."

आत फेराने पलटी घेतली, सगळ्या पावलांनी एकदम ठेका धरला, आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर ती पट्टी तुटली. फार मोठा आवाज झाला नाही. वाळलेली काटकी मोडते तेवढाच. मधोमध एक काळी रेघ आली आणि वरून चिमूटभर धूळ माझ्या मनगटावर पडली.

"ओरडू नकोस," शोल्टाबाईंनी माझा दंड धरला. "ओरडलास तर धावतील सगळी. जिना एकच आहे."

त्यांचं खरं होतं. मी अंगरख्याला हात पुसले आणि दार ढकललं. अडकलं. खांद्याने ढकलल्यावर उघडलं.

चिमण्या, घुबडं, बदकं, कागदाच्या चोची, पिसांच्या टोप्या. मधोमध युरी, डोक्यावर कोणाच्या तरी बापाची काळी टोपी, आणि त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून हानका, पांढऱ्या झालरीत. सगळ्यांच्या पायांत घरात घालायचे लोकरी सपाते. छतावरचा नाक उडालेला हिवाळा वरून बघत होता. मी टाळी वाजवली नाही. नुसता हात वर केला. बालवाडीत तीच आमची खूण होती. पेटी थांबली.

"लग्न लागलं?" मी विचारलं.

"लागलं!"

"मग वरात कुठे आहे?"

"वरात म्हणजे काय?"

"अरे देवा. वरात ठाऊक नाही? आमच्या देशात लग्न लागल्यावर नवरानवरीला सगळे मिळून घरी घेऊन जातात. पुढे नवरानवरी, मागे सगळं गाव. वरात निघाली नाही तर लग्न अर्धवट."

"मग मी नाही केलं लग्न," हानका लगेच म्हणाली.

"आज करून टाक, उद्या मोडू. आता ऐका. माणसांची वरात वाजतगाजत निघते. पण पाखरांची? पाखरांच्या वाटेवर कोण झोपलेलं असतं?"

सगळी विचारात पडली. "मांजर!" एक घुबड म्हणालं.

"मांजर. म्हणून पाखरांची वरात आवाज न करता निघते. एकामागे एक. पंख पसरून. पाऊल असं टेकवायचं की मांजराचा कानसुद्धा हलता कामा नये. भिंतीच्या कडेकडेने. मधून चालेल त्याला मांजर खाणार."

"कोट घालू द्या त्यांना," उर्सुलामावशी हसत म्हणाल्या, "आणि बूट. बाहेर बर्फ..." तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या शोल्टाबाईंच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पंखांसारखे पसरले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "चला. मी सगळ्यांत शेवटची बगळी."

वरात निघाली. शोल्टाबाई जिन्याच्या वळणावर उभ्या राहून एकेकाला हात देत खाली सोडत होत्या, त्यांच्या पांढऱ्या हातांचे ठसे पिसांवर उमटत होते. मी दिवाणखान्यात दाराजवळ थांबलो. मुलं कडेकडेने जात होती आणि मोकळ्या झालेल्या मध्यावर टांगलेलं झुंबर हळूहळू झुलत होतं. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. एक लहानशी चिमणी मध्येच थांबून वर बघायला लागली.

"काका, दिवा नाचतोय."

"हो. त्यालाही वरातीला यायचंय. तू पुढे हो."

शेवटी उर्सुलामावशी, त्यांच्यामागे मी. फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. मग युरीने मागे वळून विचारलं, "आता मांजर उठलं तर चालेल?" आणि सगळी एकदम ओरडायला लागली.

गढी पडली नाही. उन्हात तशीच उभी राहिली, सुंदर, दोन्ही छपरांवर बर्फ. आम्ही मुलांना शोल्टाबाईंच्या स्वयंपाकघरात कोंबलं, पण ते केवढंसं. निम्मी मुलं अंगणात ओल्या सपात्यांवर कुडकुडत उभी. गावातली माणसं जमली. बाया विचारायला लागल्या, काय झालं, कोणी काढलं पोरांना असं उघडं. तेवढ्यात टीलमानांची गाडी आली. हातात संत्र्यांची जाळी.

मी त्यांना बाजूला घेऊन पट्टीचं सांगितलं. ते धावत आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. चेहरा उतरलेला, पण खचलेला नव्हता.

"एक तुटली आहे," ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक. बाकीच्या सगळ्या मी बघून आलो, शाबूत आहेत. म्हणजे बिघाड तेवढ्या जागेचा आहे. दिवाणखाना बंद ठेवू. मुलांना खालच्या खोलीत न्या, शेगडी पेटलेली आहे. इथे गारठून मरतील."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. बाया पोरांना उचलून घ्यायला लागल्या. उर्सुलामावशींनी दोघांचे हात धरले आणि त्या फाटकाकडे वळल्या. मी पुढे झालो. बोलायला तोंड उघडलं.

"थांब," शोल्टाबाई म्हणाल्या. "माझं मी सांगते."

त्या अंगणाच्या मध्यावर आल्या. हात अजून पांढरेच होते. "पोरांना आत नेऊ नका."

"फ्राऊ शोल्टा, एका पट्टीसाठी..."

"सगळ्या," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्या माझ्या आहेत. पहाटे शेगडी पेटवायला जायचे तेव्हा तुटलेल्या काढायचे, नव्या लावायचे. तीच तारीख घालायचे. नोव्हेंबरपासून. या पोराची एकही पट्टी आत उरलेली नाही."

त्या बाईने आत्ता काय केलं ते तिथल्या प्रत्येकाला समजलं होतं. ज्यांच्यासाठी तिने ते केलं होतं तेच सगळे समोर उभे होते, आणि आपलं गाव गेलं हे त्यांनी तिच्याच तोंडून ऐकलं. मागून एक म्हातारा त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडला. शोल्टाबाईंनी मान वळवली नाही.

टीलमान गाडीच्या पायरीवर बसले. संत्र्यांची जाळी दोन पायांमध्ये. "पहिली तुटली तेव्हा मला सांगितलं असतंत," ते अगदी हळू म्हणाले, "तर मी आतून लाकडी टेकू दिले असते. खंदकात पाणी सोडायला लावलं असतं. ते करता येतं, बाई. पट्टी म्हणजे फाशीचा हुकूम नव्हे. ताप बघतो आपण तिच्यावर."

"मला वाटलं, तुटली की संपलं," शोल्टाबाई म्हणाल्या.

समिती आली, तिला फार वेळ लागला नाही. मार्चमध्ये गढी उतरवायला घेतली. दिवाणखान्याची जमीन उचलली त्या दिवशी टीलमाननी मला बोळातल्या भिंतीपाशी बोलावलं. तुळयांची टोकं भिंतीत हातभर आत असायला हवी होती. मधल्या तुळईचं टोक बाहेर सरकत सरकत दगडाच्या काठावर आलं होतं. त्याच तुळईवर फेराचा मध्य होता. मी शोल्टाबाईंना हात धरून वर आणलं. त्यांनी वाकून बघितलं, मग तुळईचं टोक आणि दगडाची कड यांच्यावर आपलं बोट आडवं ठेवलं. एका बोटाचाच आधार उरला होता. बराच वेळ त्यांनी ते बोट उचललं नाही.

उन्हाळ्यात गावही हललं. सगळ्यांना शहरात नव्या उंच इमारतींमध्ये घरं मिळाली. त्यानंतर काही वर्षांनी दोन जर्मनींची एक झाली, कोळशाची ती खाण बंद पडली, आणि खोदणारं अजस्र यंत्र रोर्विट्झच्या अलीकडे एक शेत सोडून उभं राहिलं ते तिथेच.

मी पुन्हा तिकडे गेलो तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. हानका मला न्यायला आली. आता ती स्वतः शाळेत शिकवते. "दोन स्पंज आणि एक फळी घेऊन," ती म्हणाली. तिने मला गावाच्या जागी नेलं. पंप बंद पडल्यापासून पाणी परत वर आलं होतं. खंदक काठोकाठ भरलेला, चौकोनी, आणि मधोमध गवत. वाऱ्याने पाणी हललं की त्यात दोन छपरं दिसतील असं उगाच वाटत राहिलं.

संध्याकाळी तिने आजीचं शहरातलं घर दाखवलं. शोल्टाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता हानकाच तिथे राहते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, छतापासून खाली, केसासारखी एक भेग होती. भेगेवर आडवी प्लास्टरची पट्टी, खिळ्याने कोरलेली तारीख. ते लोक या घरात राहायला आले त्याच आठवड्यातली.

"आजीनेच लावली," हानका म्हणाली. "मी लहान होते, तिला विचारलं, ही तुटली तर तू नवी लावशील? तर म्हणाली, नाही. तुटली की मला हाक मार."

मी पुढे झालो आणि हाताची मागची बाजू पट्टीवर टेकवली.

गार होती. गार आणि कोरडी.